चारचा प्रभाग आणि अर्धेच उचललेले बाबासाहेब

एप्रिल २०२० च्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्याच्या राजधानीत दोन संस्थांची मुदत संपली. टाळेबंदी होती, माणसे घरात कोंडलेली होती, त्यामुळे कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. एक संस्था म्हणजे औरंगाबाद महानगरपालिकेचे निवडून आलेले सभागृह. दुसरी म्हणजे मराठवाडा विकास मंडळ. २०२३ साली शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. एवढे सगळे झाले तरी महापालिकेत बसायला नगरसेवक नव्हते आणि मराठवाड्याचा हिशेब मागायला मंडळ नव्हते. महापालिकेची निवडणूक अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. म्हणजे पावणेसहा वर्षे बारा लाखांच्या वर वस्तीचे हे शहर प्रशासकाच्या सहीवर चालले. मंडळाच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला, प्रस्ताव दिल्लीला गेला आणि पुढची वर्षे फाईलच्या प्रवासात गेली.

आता निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या. झाले गेले विसरून जा, लोकशाही परत आली, असे आम्हाला सांगितले जात आहे. आमचे म्हणणे असे की, परत काय आले आणि कोणासाठी आले, हे तपासल्याशिवाय आंबेडकरी माणसाने टाळ्या वाजवू नयेत.

सत्ता वरून खाली यावी ही मागणी मराठवाड्याला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५३ च्या नागपूर करारात मागास भागांना निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले गेले. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला, असे आपले पुढारी आजही छाती फुगवून सांगतात. अट घातली नाही म्हणून काय मिळाले, ते मात्र सांगत नाहीत. १९८४ साली वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला, तेव्हा प्रश्न भावनेचा राहिला नाही, आकड्यांचा झाला. तरी मंडळे यायला १९९४ उजाडले. घटनेत लिहिलेली गोष्ट जमिनीवर यायला चार दशके लागली, आणि ती जायला एक तारीख पुरली. त्यानंतर मराठवाड्याच्या वाट्याचा पैसा किती आला, किती पळवला, हे विचारायला अधिकृत व्यासपीठच उरले नाही.

पण मंडळ परत आले म्हणजे आमचे भले झाले, असे मानणाऱ्यांतले आम्ही नाही. याचे कारण बाबासाहेबांनी १९५५ सालीच सांगून ठेवले आहे. भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. मराठवाडा त्यातल्या मध्य महाराष्ट्रात येत होता. अनेकांनी तेव्हा याला मराठी ऐक्याचा द्रोह ठरवले. आजही संयुक्त महाराष्ट्राच्या गौरवगाथा गाताना हे पुस्तक बाजूला सारले जाते. बाबासाहेबांना तुकड्यांची हौस नव्हती. त्यांचा हिशेब साधा होता. एका भाषेचे मोठे राज्य झाले की त्या प्रदेशातली संख्येने आणि जमिनीने मोठी असलेली जात सगळी सत्ता ताब्यात घेते, आणि विखुरलेला लहान समाज तिच्या दयेवर राहतो. म्हणून राज्याचा आकार ठरवताना त्यांनी भूगोलाबरोबर जातही मोजली. त्याच पुस्तकात त्यांनी निवडणुकीच्या पद्धतीबद्दलही लिहिले आहे. राज्याचे तुकडे सर्वांच्या लक्षात राहिले, ही दुसरी गोष्ट मात्र आमच्याही लोकांनी फारशी वाचली नाही. तिच्याकडे आम्ही येतोच.

सत्ता मुंबईहून औरंगाबादला आली, औरंगाबादहून कन्नड-पैठणला गेली, तिथून गावात पोहोचली. गावात ती कोणाच्या वाड्यावर जाऊन बसली? हा प्रश्न बाबासाहेबांनी फार लवकर विचारला होता. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला आणि पंधरा दिवसही उलटले नव्हते, तोच ऑक्टोबरमध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर ते उभे राहिले. गावाच्या पंचायतीच्या हाती अधिकार, त्यातही न्यायदानाचे अधिकार देण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. अस्पृश्यांना वेगळे प्रतिनिधित्व नसेल तर पंचायत म्हणजे त्यांच्या गळ्याला नवा फास ठरेल, हा त्यांचा रोख होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांची जी सालटी काढली, ती सर्वज्ञात आहे. गावाला घटक न मानता त्यांनी व्यक्तीला घटक मानले, आणि गांधीवाद्यांचा रोष ओढवून घेतला.

बाबासाहेब खेड्याबद्दल जास्तच कठोर बोलले, असे म्हणणाऱ्यांना आम्ही १९७८ ची आठवण करून देतो. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभी राहिलेली जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची त्रिस्तरीय व्यवस्था तेव्हा सोळा वर्षांची झाली होती. १ मे १९६२ पासून ती सुरू होती. देशाला आदर्श म्हणून दाखवली जाणारी ही व्यवस्था त्या जळणाऱ्या झोपड्यांच्या आड उभी राहिली नाही. कशी राहणार? सोसायटी, साखर कारखाना, बाजार समिती आणि जिल्हा परिषद या चारही ठिकाणी खुर्च्या त्याच घरांच्या होत्या. विकेंद्रीकरण झाले होते, पण वाड्यापुरते.

पुढे एक विलक्षण योग आला. २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी आणि त्याच वर्षी जूनमध्ये ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींना जागा, महिलांना एक तृतीयांश (महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या), सरपंचपदापासून महापौरपदापर्यंत आरक्षण. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी मराठवाड्याला विकास मंडळ मिळाले. सोळा वर्षे लाठ्या खाल्लेल्या पिढीला वाटले की, आता दिवस पालटले.

काही पालटले, हे आम्ही नाकारत नाही. भीमनगर-भावसिंगपुऱ्याची बाई महापालिकेच्या सभागृहात उभी राहून नळाचा प्रश्न विचारू लागली, ही साधी गोष्ट नव्हती. पण प्रस्थापितांनी लवकरच एक गोष्ट ओळखली. आरक्षणाची जागा काढून घेता येत नाही, मात्र त्या जागेवर कोण बसणार हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवता येतो. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही. प्रभागाची रेघ हलवली की पुरते.

या शहरातच पाहा. २०१५ ची महापालिका निवडणूक एका वॉर्डात एक नगरसेवक या पद्धतीने झाली. ११३ वॉर्ड होते. सातारा-देवळाई ही गावे २०१४ साली ग्रामपंचायतीतून काढून नगर परिषद केली गेली, आणि ती नगर परिषद नीट उभी राहण्याआधी २०१५ मध्ये महापालिकेत विलीन झाली. दोन वर्षांच्या आत तेथील नागरिकाने तीन प्रकारची सरकारे पाहिली. त्याला कोणी विचारले नाही. जागा ११५ झाल्या. २०२० ची निवडणूकही एकसदस्यीय वॉर्डांवरच व्हायची होती. ती झाली नाही. मधल्या काळात मुंबईत सरकारे बदलली आणि प्रत्येक सरकारने आपल्या सोयीचा प्रभाग आणला. २०२१ मध्ये तीनचा प्रभाग ठरला, २०२२ मध्ये सत्ता बदलताच पुन्हा चारचा. याआधीही २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार, असा हा पाढा राज्यभर चालला होता. फक्त मुंबई महापालिकेला एक वॉर्ड, एक नगरसेवक ही पद्धत ठेवली गेली. मुंबईच्या मतदाराला एक नगरसेवक ओळखता येतो आणि मराठवाड्याच्या मतदाराला चार लागतात, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? त्यातच मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. सर्व पक्ष एकमताने हात वर करतात तेव्हा बहुजनांनी आपला खिसा चाचपून पाहावा.

२०२६ ची निवडणूक २९ प्रभागांत झाली. २८ प्रभाग चारचे, एक तीनचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाहिले तर जिथे दहा-साडेदहा हजार लोकांमागे एक वॉर्ड पडत होता, तिथे आता सुमारे बेचाळीस हजारांचा प्रभाग झाला. वाचकहो, हा नुसता आकार नाही. याचा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहा.

समजा, एका प्रभागात ३० हजार मतदार आहेत. त्यातले ७ हजार आंबेडकरी वस्त्यांतले आहेत. जागा चार: अ, ब, क, ड. त्यातली एक अनुसूचित जातीसाठी राखीव. मतदाराला चार मते आहेत, पण प्रत्येक जागेसाठी एकच. म्हणजे दिसायला एक प्रभाग, प्रत्यक्षात त्याच ३० हजारांत चार वेगवेगळ्या निवडणुका. अ जागेवर आमचे ७ हजार विरुद्ध बाकीचे २३ हजार. ब जागेवर तेच. क आणि ड जागांवरही तेच. राखीव जागेवर उमेदवार आमच्या जातीचा निवडून येईल, पण कोणता येईल हे २३ हजार ठरवतील. जो त्यांच्या पॅनेलमध्ये बसेल, त्यांच्या खर्चाच्या पत्रकात आपला फोटो छापून घेईल आणि सभागृहात मान खाली घालेल, तो येईल. एकाच वॉर्डाची जुनी पद्धत असती तर तीच ७ हजारांची वस्ती साडेसात हजारांच्या वॉर्डात बहुमतात राहू शकली असती आणि आपला माणूस स्वतः निवडू शकली असती. पुणे कराराने विधिमंडळात जे केले, ते चारच्या प्रभागाने गल्लीपर्यंत आणले.

यावर सत्ताधारी पक्षांतले आमचेच काही विद्वान म्हणतात की, बहुसदस्यीय मतदारसंघ तर बाबासाहेबांनाच हवे होते! खरे आहे. १९५५ च्या त्याच पुस्तकात बाबासाहेबांनी एका सदस्याच्या मतदारसंघाऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ मागितले आहेत. पण त्याच वाक्यात त्यांनी दुसरी अट घातली आहे, आणि ती सोयीस्करपणे गाळली जाते. ती अट म्हणजे मते एकवटून देण्याचा अधिकार. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी मते मतदाराने वाटल्यास एकाच उमेदवाराला द्यावीत.

आता वरचेच गणित या पद्धतीने करा. आमच्या ७ हजारांकडे प्रत्येकी चार, अशी २८ हजार मते झाली. ती त्यांनी एका उमेदवाराच्या पेटीत टाकली. उरलेल्या २३ हजारांकडे ९२ हजार मते आहेत. त्यांना चारही जागा हव्या असतील तर ती चौघांत वाटावी लागतील. प्रत्येकाच्या वाट्याला २३ हजार येतील. २८ हजारांचा आमचा माणूस पहिल्या क्रमांकावर. त्याला कोणी पाडू शकत नाही. त्यासाठी राखीव जागाही लागत नाही, कोणाच्या दारात तिकीटही मागावे लागत नाही. चार जागांच्या प्रभागात ज्या समाजाकडे पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त मते आहेत, त्याची एक जागा कोणी हिरावू शकत नाही. ती बौद्धांची असेल, मातंगांची असेल, मुसलमानांची असेल, भटक्यांची असेल. या शहरात या प्रत्येक समाजाच्या दाट वस्त्या आहेत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या मर्जीने निवडून येण्याचा अनुभव आहे.

ही हवेतली कल्पना नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात हीच पद्धत होती. स्वतंत्र मजूर पक्ष नुकताच स्थापन झालेला, हाती पैसा नाही, समोर काँग्रेसची लाट. तरी बाबासाहेब मुंबईतून निवडून आले, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आले, पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार आले. आमच्या आजोबा-पणजोबांनी आपली मते इकडेतिकडे न उधळता एका ठिकाणी टाकली होती. १९५२ साली स्वतंत्र भारतात दोन सदस्यांचे मतदारसंघ राहिले, पण मते एकवटण्याचा अधिकार गेला. दोन मते, मात्र दोन वेगळ्या उमेदवारांना. मुंबई उत्तर मतदारसंघात राज्यघटनेचा शिल्पकार राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाला. निवडून आलेला माणूस आमच्यातलाच होता. त्याला निवडणारे आमचे नव्हते. चारच्या प्रभागाचे चित्र बाबासाहेबांनी सत्तर वर्षांपूर्वी स्वतःच्या पराभवात पाहिले होते, आणि १९५५ ची मागणी त्या अनुभवातून आली होती. (जाता जाता: त्या निवडणुकीत त्यांचे जोडीदार असलेले समाजवादी अशोक मेहता पुढे १९७७-७८ मध्ये पंचायत राज समितीचे अध्यक्ष झाले. देशाला मंडल पंचायतींचा आराखडा देणाऱ्या त्या समितीचा हा मुंबईतला पूर्वइतिहास आमचे अभ्यासक क्वचितच सांगतात.)

हे करायला घटना आडवी येते का? नाही. महापालिका, नगरपालिकांच्या निवडणुकांबाबत कायदा करण्याचा अधिकार घटनेने राज्य विधिमंडळाला दिला आहे. ज्या विधिमंडळाने वीस वर्षांत पाच वेळा प्रभागाचा आकार बदलला, ते मतदानाची पद्धत एकदा बदलू शकते. यंत्र आडवे येते का? आज मतदार एका प्रभागात चार वेळा बटण दाबतोच आहे. यामुळे जातीयवाद वाढेल, हा आक्षेप आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. आज पॅनेल जात मोजूनच बांधले जाते, हे ज्याने एकदा तरी तिकीटवाटप जवळून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. फरक एवढाच पडेल की मोजणी बंद खोलीत न होता मतपेटीत होईल.

प्रशासकाच्या काळात आम्ही काय गमावले, याबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण ते बरे होते असे म्हणणारा एक वर्ग या शहरात तयार झाला आहे. नगरसेवक नव्हते, टक्केवारी नव्हती, रस्ते झाले, असे तो म्हणतो. नगरसेवकांचे गुणगान आम्हालाही गायचे नाही. २०१८ साली नारेगावच्या कचऱ्यावरून शहर कुजत होते तेव्हा सभागृह होते, महापौर होते, स्थायी समिती होती, आणि कोणाचा काही उपयोग झाला नाही. पण जायकवाडीहून नवीन पाणी आणण्याच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले ते १,६८० कोटींचे होते. ती योजना २,७४० कोटींच्या घरात गेली. ही वाढ झाली तेव्हा ती विचारायला सभागृहच नव्हते. नाथसागर भरलेला असताना अनेक दिवसांआड पाणी पिणाऱ्या मुकुंदवाडीच्या बाईने कोणाची खुर्ची गाठायची? जनहित याचिकेमुळे खंडपीठाने लक्ष घातले म्हणून काही हालले. न्यायालयाने पाणी मागावे आणि लोकप्रतिनिधी नसावा, याला लोकशाही म्हणत नाहीत.

जिल्हा परिषदेत तर नुकसान आणखी थेट होते. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक राहिले. समाजकल्याण समिती नाही. स्वउत्पन्नातील २० टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे, दलित वस्त्यांच्या कामांची यादी करायची, कोणत्या वस्तीचा रस्ता आधी घ्यायचा हे ठरवायचे, हे सगळे फायलीवर झाले. मुदत संपण्याआधी निवडणूक घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच किशनसिंग तोमर खटल्यात स्पष्ट केले होते. तरी आरक्षणाचा वाद पुढे करून निवडणुका लांबत गेल्या. मार्च २०२१ च्या निकालाने ओबीसींच्या जागांसाठी आयोग, आकडेवारी आणि ५० टक्क्यांची मर्यादा या अटी पाळणे बंधनकारक केले; राज्याने आकडेवारी वेळेत दिली नाही; बांठिया आयोग २०२२ मध्ये आला; आणि ६ मे २०२५ ला न्यायालयाने कान धरेपर्यंत कोणी हलले नाही. ओबीसी बांधवांनी हे नीट लक्षात ठेवावे. त्यांच्या हक्काच्या नावाने निवडणुका थांबवल्या गेल्या आणि त्या काळात त्यांच्याही हाती एक खुर्ची नव्हती.

आमच्या चळवळीचा दोषही इथेच सांगून टाकतो. १४ एप्रिलला भडकल गेटला लाखोंचा सागर लोटतो. त्यातल्या किती जणांनी आपल्या प्रभागाचा प्रारूप नकाशा पाहिला? हरकतींच्या मुदतीत किती गटांनी लेखी हरकत घेतली? आमचे गट एकमेकांविरुद्ध चार उमेदवार उभे करतात आणि नंतर यंत्रावर खापर फोडतात. मते एकवटण्याची पद्धत उद्या मिळाली तरी गटांनी चार दिशांना चार उमेदवार दिले तर २८ हजारांचे सात-सात हजार होतील आणि चौघेही पडतील, हेही त्याच गणितात आहे.

पुढची महापालिका निवडणूक २०३१ साली यायला हवी. तोवर २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती आलेले असतील आणि सगळे प्रभाग नव्याने आखावे लागतील. म्हणजे कायद्यातील दुरुस्तीसाठी चार-पाच वर्षे आहेत. मराठवाड्यातून निवडून गेलेल्या आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आमचे दोन लेखी प्रश्न आहेत. विकास मंडळाची फाईल कोणाच्या टेबलावर आहे? आणि चारच्या प्रभागात मतदाराला आपली चारही मते एकाला देण्याचा अधिकार देणारे विधेयक तुमच्यापैकी कोण मांडणार आहे? उत्तरे आली तर आम्ही ती याच जागी छापू. नाही आली तरी, कोणाची आली नाहीत त्यांची यादी छापू.